चार मिलिमीटर

प्रिय सई आणि ईशान,

परवा फोनवर ईशान सहज म्हणाला, "आजी, आमच्या ग्रंथालयानं सगळे जुने नकाशे स्कॅन करून घेतले आणि कागद काढून टाकले. केवढी जागा मोकळी झाली!" मी म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या होताहेत, नंतर बोलू. कुकर लावलेलाच नव्हता. मग दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. तुमच्या आजोबांनी विचारलं, "कोणावर एवढी चिडली आहेस?" मला सांगता येईना, कारण मी तीन-चार माणसांवर एकदम चिडले होते आणि त्यांत मी स्वतःही होते.

ईशान, तुझ्यावर नाही. तुला माहीत नाही म्हणून तू तसं बोललास. माहीत व्हावं म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण रागावल्यावर माझं इंग्रजी फार सभ्य होतं. कुठे अडलं तर आईला विचारा.

निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका सर्वेक्षण संस्थेत होते. संस्थेचं नाव सांगत नाही. माझ्याकडे प्रशासन आणि खरेदी. तळमजल्यावर नकाशांची एक मोठी खोली होती. तिचे जे प्रमुख होते, त्यांच्याबद्दल हे सगळं आहे. त्यांचंही नाव लिहीत नाही. त्यांना स्वतःचं नाव छापलेलं आवडत नसे. एका दिवाळीला संस्थेच्या शुभेच्छापत्रावर सगळ्यांची नावं छापली, तेव्हा त्यांनी पट्टी धरून, ब्लेडनं, आपल्या नावाची पट्टी सरळ कापून काढली आणि उरलेलं कार्ड टेबलावर मांडलं. पाठीमागे सगळे त्यांना 'सपाट साहेब' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

सपाट का, तर हा माणूस कुठलीही गोष्ट गुंडाळत नसे किंवा दुमडत नसे. वर्तमानपत्र पुठ्ठ्याला चिमटे लावून, ताणून धरून वाचायचे; बसमध्ये शेजारच्याच्या नाकाला कोपरा लागला तरी घडी घालायचे नाहीत. डबा ताटाएवढा रुंद आणि दोन बोटं उंच, खास बनवून घेतलेला, कारण त्यात चपात्या उघड्या राहत. नव्या वर्षाची कॅलेंडरं गुंडाळून येतात ना? ती आधी आठ दिवस जाड रजिस्टरांखाली दाबून ठेवायची आणि मग टांगायची, तोवर जानेवारीचा पहिला आठवडा त्यांच्या खोलीत तारीखच नसायची. कोणी विचारलं तर म्हणत, "तारीख कुठं पळत नाही. कागदाला आधी पाठ टेकू द्या."

त्यांचं घर दिघ्याला. महाडकडून आलेलं बौद्ध कुटुंब, वडील कारखान्यात, एका खोलीत सहा भावंडं. "आमच्याकडं पसरायला जागाच नव्हती, मॅडम," ते मला एकदा म्हणाले. "अभ्यासाला पाटीसुद्धा उभी धरायला लागायची. म्हणून इथं सगळं पसरून ठेवतो." ते त्यांनी मला स्वतःहून सांगितलेलं एकमेव घरचं वाक्य.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी शिस्तीची बाई. माझी फाइल, माझा क्रमांक, माझी टाचणी. आणि माझं प्रत्येक परिपत्रक ते परत पाठवत, कारण त्याला टाचणी मारलेली असे. त्यावर पेन्सिलीनं शेरा: 'ज्याला भोक पाडायची हौस आहे, त्यानं स्वतःच्या कानाला पाडावं.' मी तो शेरा इंग्रजीत भाषांतर करून मोठ्या साहेबांकडे तक्रार म्हणून पाठवला. मोठे साहेब हसले. मी मुळीच हसले नाही.

नकाशांच्या खोलीत शिरायचं तर आधी दाराजवळच्या बेसिनवर हात धुवायचे, पुसायचे आणि तळवे वर करून त्यांना दाखवायचे. शाळेत बाई नखं तपासतात तसे ते तपासत. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. सपाट साहेब दारात आडवे उभे.

"हात, साहेब."

"अहो, मी नुसतं दाखवायला आणलंय यांना. हात नाही लावणार."

"आत्ता वडा खाल्लाय तुम्ही. वास येतोय. हात दाखवा, नाहीतर बाहेरून बघा."

मोठ्या साहेबांनी पाहुण्यांसमोर हात धुतले आणि तळवे दाखवले. त्यांचा चेहरा मला आठवतो. त्या वड्याची किंमत पुढे कोणी मोजली, तेही आठवतं.

त्या खोलीत काय होतं? जाड कापडावर चिकटवलेले जुने गावनकाशे, एकेक मीटरभर लांब. आणि विमानातून काढलेली छायाचित्रं. तुम्ही जे नवी मुंबई म्हणून ओळखता, टॉवर आणि पामची झाडं आणि आमची सोसायटी, ते काहीही नव्हतं तेव्हाची. मिठागरांचे चौकोन, खाडीचे बांध, भरतीचं पाणी अडवायच्या-सोडायच्या बांधांतल्या उघाड्या, आणि मध्येच मूठभर तांदूळ सांडावेत तशी गावं. सगळं उथळ, रुंद लोखंडी कप्प्यांत आडवं ठेवलेलं. कप्पा ओढताना ते दोन्ही हातांनी ओढत आणि आवाज करणाऱ्याकडे असं बघत की जणू आत कोणीतरी झोपलंय. "नकाशा गुंडाळायचा नसतो," ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत, "निजवायचा असतो."

विमानातली छायाचित्रं जोडीनं काढलेली असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. एकाच जागेचे दोन फोटो, जरा जरा वेगळ्या ठिकाणाहून. दोन भिंगांचं एक यंत्र असतं, स्टिरिओस्कोप. त्याखाली ती जोडी नीट मांडली आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं, की सपाट फोटोतून घरं, झाडं, बांध वर उठून उभे राहतात. सपाट साहेबांना आयुष्यात उभी राहिलेली तेवढी एकच गोष्ट आवडत असे.

ते गावातल्या लोकांना आपलं घर बघायला येऊ देत. नियमात नव्हतं. मी दोनदा लेखी हरकत घेतली होती. तिसऱ्यांदा हरकत घ्यायला खाली गेले, तर खाडीकाठच्या एका गावातल्या हिरुबाई यंत्रावर वाकलेल्या. साठीच्या, नाकात मोठी नथ, पाय अनवाणी, कारण चपला सपाट साहेबांनी बाहेर काढायला लावलेल्या.

"मावशी, एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे."

"मना दोन-दोन दिसतान."

"दिसू दे. घाई नाय. डोळे सैल सोडा, लांब खाडीकडं बघतो तसं. येईल."

"कय येल?"

त्यांनी एक छायाचित्र बोटानं किंचित सरकवलं. खोलीत पंख्याचा आवाज. मग हिरुबाईंचा श्वास एकदम आत गेला.

"गे बाय! उबा रायला! माझा घर उबा रायला!" त्यांनी हात पुढे केला, यांनी तो हलकेच मागे घेतला. "यो आमचा उंबर. यो सासऱ्याचा खला. आन ही आमची वल, नऊच्या नऊ घरा. सगली हायत रं!"

मी हरकत न घेता वर गेले. पण त्यांना काही बोललेही नाही.

पुढच्या वर्षी ठरलं की सगळे नकाशे आणि छायाचित्रं संगणकात घ्यायची. त्यासाठी मोठा स्कॅनर घ्यायचा. खरेदी समितीची सचिव मी. तीन प्रकारची यंत्रं समोर आली. पहिलं रोलरचं: एका बाजूनं कागद आत सोडायचा, रोलर तो ओढून घेतात, दुसऱ्या बाजूनं बाहेर. दुसरं उंच दांड्यावर कॅमेरा लावलेलं, ते वरून टिपतं. तिसरं काचेचं: भल्यामोठ्या काचेवर नकाशा पसरायचा, तो हलतच नाही, खालून दिवा सरकत जातो. रोलरचं यंत्र झपाट्यानं काम करायचं आणि भिंतीला लावून उभं राहायचं. काचेचं यंत्र एका नकाशाला चहा पिऊन होईल एवढा वेळ घ्यायचं आणि त्याला अर्धी खोली लागायची.

मी तुलनात्मक तक्ता केला. तुम्हांला माहीत आहे मी तक्ते कसे करते. सईच्या बारशाचासुद्धा केला होता. तासाला किती नकाशे, किती जागा, किती किंमत, दुरुस्ती कोण करणार, चित्र किती बारीक. सगळे रकाने अंकांत. सपाट साहेब समितीचे सभासद होते. त्यांनी तक्ता वाचला, पुठ्ठ्यावर पसरला आणि माझ्याकडे आले.

"मॅडम, एक रकाना राहिला."

"कुठला?"

"कागदाचं काय होतं, तो."

"म्हणजे फाटतो का?"

"फाटतो की नाही ते पण. आणि घसरतो का. फाटलं तर दिसतं, मॅडम. घसरलं तर दिसत नाही. कापडाचा नकाशा रोलरमध्ये घसरला तर चित्र लांब होतं. आपल्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दोन मीटर."

"ते अंकांत कसं मांडणार? तिन्ही कंपन्यांनी अचूकतेचा आकडा दिलाय. तो रकाना आहे."

"तो नव्या कोऱ्या कागदाचा आकडा आहे. आपल्याकडं नवा कोरा कागद कोणाकडं आहे?"

"मग तुमच्याकडे दुसरा आकडा आहे का?"

"यंत्र आणून मोजलं तर मिळेल."

"तक्ता उद्या सादर करायचा आहे."

त्यांनी तक्ता माझ्या टेबलावर सरळ करून ठेवला. "तुमच्या कागदात सगळं असतं, मॅडम. कागद सोडून."

हे वाक्य ते बोलले नसते, तर कदाचित मी रकाना वाढवला असता. मी ते अनेकदा स्वतःला सांगितलं आहे. ते खोटंही असेल. खरी गोष्ट एवढीच की मला राग आला आणि मी रकाना वाढवला नाही.

पण सगळं माझ्याच माथी घेत नाही, त्यांचाही वाटा आहे. रोलरच्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं, आमच्याच सभागृहात. कंपनीचा माणूस टाय लावून आलेला, बोलणं मधाळ. मोठे साहेब पहिल्या रांगेत. सपाट साहेब आपल्या पुठ्ठ्यावर काहीतरी रुमालानं झाकून घेऊन आले. रुमाल काढला. उडदाचा पापड. न भाजलेला, वाळलेला, चांगला मोठा.

"हा घाला आत."

"सर, हे... पापड आहे."

"जुना नकाशा असाच असतो. कडकडीत. हा अख्खा बाहेर काढून दाखवा, मी सही करतो."

"सर, नाजूक गोष्टींसाठी आम्ही पारदर्शक पिशवी देतो. तिच्यात घालून..."

"मीटरभर नकाशाची पिशवी दाखवा."

"ती मागवावी लागेल, सर."

"मग आज पापड घाला."

"अहो, जाऊ द्या ना," मोठे साहेब म्हणाले. पण हे पुढे झाले आणि त्यांनी पापड रोलरच्या तोंडाला लावला. यंत्रानं तो इमानेइतबारे ओढून घेतला. आतून जो आवाज आला, तो तुम्ही पंगतीत ऐकलेला असेल. दुसऱ्या बाजूनं भुगा आला. सभागृह हसलं, लेखापाल तर डोळे पुसत होते. टायवाला लालबुंद. त्याला यंत्र उघडून ब्रशनं साफ करायला पाऊण तास लागला. मग त्यानं आमच्याकडचाच एक कापडाचा नकाशा मागून घेतला, आत सोडला, आणि तो दुसऱ्या बाजूनं अख्खा, गुळगुळीत बाहेर आला. टाळ्या पडल्या.

"झालं समाधान?" मोठे साहेब म्हणाले. "फाटला नाही ना?"

"मोजायला द्या," सपाट साहेब म्हणाले.

"बस करा आता तुमचा तमाशा."

त्या दिवशी प्रश्न ठरून गेला. कागद फाटतो की नाही, एवढाच. पापडानं तो प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसवला, आणि तो प्रश्न चुकीचा होता. रोलरचं यंत्र घेतलं. सही माझी होती. सपाट साहेबांना समितीतून आणि स्कॅनिंगच्या कामातूनही काढलं. आदेश मीच टंकला. त्यात 'यंत्रसामग्रीचा अवमान' असा शब्द मोठ्या साहेबांना हवा होता. यंत्राचा अवमान होत नाही, असं मी त्यांना म्हटलं आणि तो शब्द काढून टाकला. त्या सगळ्या प्रकरणातली माझी मर्दुमकी तेवढीच.

कंत्राटी माणसं आली, नकाशे कप्प्यांतून निघाले आणि भराभर रोलरमधून गेले. सपाट साहेब आपल्या खोलीत बसून राहत. रोज संध्याकाळी परत आलेले नकाशे हातानं सपाट करून, मधे पातळ कागद घालून, पुन्हा निजवत. मला जिन्यात भेटले की म्हणत, "आज किती धावले?" मी आकडा सांगत असे. खरंच सांगत असे! मला वाटे ते चौकशी करताहेत.

वर्ष झालं असेल. हिरुबाई पुन्हा आल्या. यावेळी पिशवीत नोटीस होती. आमच्या संस्थेत स्कॅन होऊन संगणकात गेलेल्या नकाशाप्रमाणे गावठाणाची जुनी रेघ आजच्या मोजणीवर ठेवून पाहिली होती. रेघेच्या आतली घरं जुनी. बाहेरची नंतर बांधलेली, म्हणजे अनधिकृत, म्हणजे पाडायची. गावाच्या पूर्वेची अख्खी ओळ रेघेबाहेर होती. नऊच्या नऊ घरं.

सपाट साहेबांनी हिरुबाईंना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि नोटिशीला जोडलेला नकाशा टेबलावर पसरला. मग मला वर निरोप पाठवला. मी खाली गेले.

"हे बघा मॅडम. गावाच्या पश्चिमेला."

पश्चिमेला गावठाणाची रेघ खाडीच्या चिखलात शिरली होती. खारफुटीचा एक पट्टा आता गावात होता. पूर्वेची घरं बाहेर आणि पश्चिमेचा चिखल आत. सगळी रेघच पश्चिमेकडे सरकलेली. हे गाव त्या मीटरभर नकाशाच्या पश्चिमेकडच्या, शेवटच्या टोकाला येत होतं. रोलरमधून जाताना कापड घसरत घसरत तिथवर चित्र लांब होत गेलेलं. एवढं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं आणि कोणी बघितलं नव्हतं. नोटिशीवर चार सह्या होत्या.

आम्ही तिघं मोठ्या साहेबांकडे गेलो. सपाट साहेबांनी स्टिरिओस्कोप आणि ती छायाचित्रांची जोडी स्वतः उचलून नेली.

"स्कॅन हेच आता अधिकृत रेकॉर्ड आहे," मोठे साहेब म्हणाले. "मूळ शीट काढायची गरज नाही."

"साहेब, तुमच्या रेकॉर्डमध्ये चिखल गावठाणात आहे. तिथं कोण राहतं? खेकडे. त्यांना सवलत द्या, त्यांचं जुनं घर आहे."

"नीट बोला."

"नीटच बोलतोय. हे यंत्रात बघा. शहर यायच्या आधीचा फोटो आहे. नऊ घरं उभी दिसतील."

मोठे साहेब वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "मला दोन फोटो दिसताहेत."

"डोळे सैल सोडा."

"मला वेळ नाही या खेळाला."

दाराशी उभ्या हिरुबाई पुढे आल्या. आवाज जराही चढवला नाही. "साहेब, तुमाना नाय दिसला म्हनून माझा घर नाय, आसा हाय का?"

 मग मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सचिवबाईंनी लेखी द्यावं की स्कॅनमध्ये चूक आहे. मी थांबवतो."

मी यंत्रावर वाकले. मला यायला वेळ लागला नाही. उंबर वर आला, मग खळं, मग ओळीनं घरं. कौलांचा उतारसुद्धा दिसत होता. मला दिसलं. पण 'मला दिसलं' असं मी आयुष्यात कुठल्या नोटेत लिहिलं नव्हतं.

"मोजून लेखी देते," मी म्हटलं.

सपाट साहेब बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, चार ओळी लिहा आत्ता. हातानं. मोजमाप मागाहून जोडू." ते मला कधी 'बाई' म्हणत नसत.

"कच्चं दिलं तर उडवून लावतील," मी म्हटलं. "पक्कं देते."

पहिला दिवस मूळ शीट बाहेर काढण्याच्या परवानगीत गेला. दुसऱ्या दिवशी मी नकाशावर छापलेले चौकोन पोलादी पट्टीनं मोजले, दोन्ही दिशांनी, तीन-तीनदा. तिसऱ्या दिवशी तेच चौकोन पडद्यावर. चौकोनांच्या दक्षिणोत्तर बाजू सगळ्या बरोबर. पूर्व-पश्चिम बाजू, म्हणजे कागद ज्या दिशेनं ओढला गेला त्या दिशेच्या, थोड्या थोड्या वाढलेल्या, आणि शेवटच्या टोकाला एकूण चार मिलिमीटर. जमिनीवर आठ मीटर. एका घराची रुंदी. मी आकडे मांडत होते आणि, खोटं का सांगू, मला काम छान होत असल्याचं समाधान होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सपाट साहेब वर आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "हिरुबाईंचा फोन होता. पथक आलंय. टोकाची दोन पाडली."

"उद्या सकाळी नोट देते."

"उद्या?"

"स्वच्छ प्रत टंकायची आहे."

हे मी म्हटलं, मुलांनो. मला माझा आवाजही आठवतो, अगदी शांत. मी तेव्हासुद्धा हातानं खरडून दिलं नाही. पथकाची त्या दिवसाची वेळ संपली म्हणून ते लोक निघून गेले; माझ्यामुळे थांबले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी नोट दिली. मोठ्या साहेबांनी वाचली, त्यांना सही करायला एक मिनिटही लागलं नाही. पाडकाम थांबलं. उरलेली घरं रेघेच्या आत घेतली. नोटेची एक प्रत मी खाली नेऊन दिली. सपाट साहेबांनी ती पुठ्ठ्यावर ठेवली, शेवटच्या अंकापर्यंत वाचली, आणि म्हणाले, "चार दिवस, मॅडम. मोजमाप मात्र झकास झालंय."

त्यानंतर ते माझ्याशी नेहमीसारखेच वागले. परिपत्रकं परत पाठवत राहिले. काही महिन्यांनी कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसले, डबा उघडला, आणि एकदम म्हणाले, "पापड ही माझी चूक झाली. मोजपट्टी आणायची, ती सोडून पापड आणला. लोकांना हसवलं. हसलेला माणूस मोजत नाही."

"आणि मी रकाना ठेवला नाही," मी म्हटलं.

"ते तर झालंच," ते म्हणाले आणि चपातीचा तुकडा मोडला. मला माफ केल्याचं काही ते बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही.

पाडलेल्या दोन घरांतली माणसं घणसोली गावात भाड्याच्या खोल्यांत गेली. त्यांचा अर्ज कुठल्या कुठल्या टेबलांवर फिरला ते मी बरीच वर्षं बघत होते. शेवटचं उत्तर असं होतं की, बांधकाम अस्तित्वात नसल्यामुळे विचार करता येत नाही. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मी ओळखते. तो चांगला, व्यवस्थित कारकून होता. मीच शिकवलेला. माझा अजूनही जीव जळतो.

सपाट साहेब निवृत्त झाले आणि लगेच प्रस्ताव आला, की स्कॅन झालेत तर मूळ कागद रद्दीत काढावेत, खोली रिकामी होईल. ईशान, हेच ते वाक्य, जे तू परवा बोललास, आणि माझा कुकर वाजला. त्या प्रस्तावावर मी माझी ती नोट जोडली आणि खाली हातानं, शाईच्या पेननं, घाईघाईत, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं की एकही कागद हलवायचा नाही. प्रस्ताव बारगळला. मी निवृत्त झाल्यावर तो पुन्हा आला आणि अर्धा मंजूर झाला. जिथे तंटे नव्हते त्या गावांचे नकाशे गेले. म्हणजे तंटा आता झाला, तर बघायला काही नाही.

तुझ्या ग्रंथालयातल्या माणसाला एवढंच विचार: कागद टाकण्याआधी कोणी मोजून बघितलं का? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार. तो चिडला तरी विचार. पण पापड नेऊ नकोस.

साहेब मागच्या वर्षी गेले. ते रोलरचं यंत्र कधीच भंगारात निघालं. हिरुबाईंच्या गावाचा कापडी नकाशा आहे, आणि ती छायाचित्रांची जोडीही आहे. दोन्ही आडवी ठेवलेली, मी फेब्रुवारीत जाऊन बघून आले. ओळीत नऊ घरं होती. सात आहेत.